तारेपलीकडचा संगणक

अकोले तालुक्यात, घाटमाथ्याजवळच्या एका ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आम्ही काही वर्षांपूर्वी एक लहानसं हवामान केंद्र उभं केलं. पर्जन्यमापक, वाऱ्याच्या वाट्या आणि तापमान-आर्द्रतेची डबी या तिघांच्या तारा एका सेन्सर-बोर्डात येत होत्या. तो बोर्ड यूएसबी केबलने रास्पबेरी पाय या लहानशा लिनक्स संगणकाला जोडलेला होता आणि आकडे नगरला पाठवण्यासाठी पायच्या दुसऱ्या पोर्टात फोर-जी डोंगल होतं. एका पत्र्याच्या पेटीत हे सगळं मावत असे. पहिल्याच पावसाळ्यात एक गोष्ट लक्षात आली. मुसळधार पाऊस लागला की आमचं केंद्र शेजारच्या साध्या मापकापेक्षा कमी पाऊस दाखवायचं.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते सापडलं. पर्जन्यमापकात दोन कप्प्यांची झुलती वाटी असते. एक कप्पा भरला की ती कलंडते आणि लोहचुंबकाचा एक स्विच क्षणभर मिटतो. आमच्या मापकात एका कलंडण्याचा हिशोब ०.२ मिलिमीटर होता. सेन्सर-बोर्ड आर्द्रतेचा आकडा वाचत असताना काही क्षण मापकाकडे पाठ फिरवायचा आणि त्या क्षणात झालेलं कलंडणं मोजणीतून सुटायचं. रिमझिम पावसात हे जाणवत नसे, श्रावणातल्या घाटमाथ्यावर मात्र दिवसाअखेर फरक डोळ्यांत भरे. बोर्ड बनवणाऱ्यांनी पुढे नवं फर्मवेअर काढलं. मापकाचा इशारा आला की हातातलं काम सोडून आधी तो मोजायचा, एवढाच त्यातला बदल होता. आम्हाला हवा होता तो नेमका तोच.

नगरला टेबलावर तसलाच दुसरा बोर्ड ठेवून आम्ही तो अपडेट मारला. वीस सेकंदांत झाला. गावात जाऊन मारला तर झाला नाही. बोर्ड क्षणभर दिसेनासा झाला, परत आला आणि पडद्यावर ओळ उमटली की पलीकडून उत्तर नाही. बरोबरच्या विद्यार्थ्यांचं म्हणणं पडलं की कार्ड खराब झालं असणार. पायचं मेमरी कार्ड पुसून सगळी प्रणाली नव्याने घातली, तरी तेच. दुसऱ्या खेपेला आम्ही विजेच्या मागे लागलो आणि तिथे खरोखरच दोष निघाला. केबल बारीक होती, व्होल्टेज पडत होतं. केबल बदलली, व्होल्टेज सुधारलं, अपडेट मात्र पुन्हा तिथेच अडला. एक दोष सापडला म्हणजे तोच आपला दोष, असं धरून चालता येत नाही. हा धडा मला त्या गच्चीवर मिळाला आणि लिनक्सवरून उपकरणांचं फर्मवेअर अपडेट करण्याविषयीची ही पुस्तिका त्यातूनच निघाली.

तिसऱ्या खेपेला ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालक ताई गच्चीवर आल्या होत्या. पेटी पुसणं, आकडे येतात का पाहणं, ही रोजची कामं त्याच करत. मी बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबलं आणि लॅपटॉपकडे वळलो. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही अजून काही पाठवलंच नाही ना? मग तो दुसरा दिवा आधीच का लुकलुकतोय?”

तो दिवा बोर्डाकडे काहीतरी येतंय हे सांगणारा होता. मी काही पाठवलं नव्हतं, म्हणजे दुसरं कोणीतरी पाठवत होतं. लिनक्सच्या नोंदवहीत त्या सेकंदाला काय घडलं ते पाहिलं आणि उलगडा झाला. डोंगल चालावं म्हणून आम्ही मॉडेम सांभाळणारी एक सेवा पायवर बसवली होती, मॉडेममॅनेजर नावाची. नवं काहीही पोर्टात आलं की ते मॉडेम आहे का, हे तपासणं तिचं काम. आमचा सेन्सर-बोर्ड अपडेटसाठी रीसेट झाला की नव्या रूपात पुन्हा प्रकट व्हायचा आणि ही सेवा आमच्या आधी पोर्ट उघडून त्याच्याशी मॉडेमच्या भाषेत बोलू लागायची. अशा बोर्डाचा बूटलोडर, म्हणजे सुरू होताना आधी चालणारा छोटा कार्यक्रम, नवं फर्मवेअर घ्यायला आठच सेकंद थांबतो. ती आठ सेकंदं दुसऱ्याच्या बोलण्यात जात होती. नगरच्या टेबलावर डोंगल नव्हतं, म्हणून ती सेवाही नव्हती, म्हणून तिथे सगळं सुरळीत होतं. सेवा थांबवली, अपडेट मारला, वीस सेकंदांत झाला.

या सेवेच्या जुन्या आवृत्त्या हा आगाऊपणा जास्त करत, नव्या आवृत्त्या बऱ्याच सावध झाल्या आहेत. पण स्वतःची ओळख मॉडेमसारखी सांगणारे बोर्ड अजून तिच्या तावडीत सापडतात. त्यावर कायमचा उपाय म्हणजे एका ओळीचा नियम लिहून ठेवायचा, की या ओळखीच्या उपकरणाच्या वाटेला जाऊ नकोस. तो नियम पुस्तिकेत आहे. मात्र तो दोनदा लिहावा लागतो, आणि का, ते पुढे येईल.

आता ‘फर्मवेअर’ या शब्दाकडे वळतो, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. महाविद्यालयांत शिकवताना मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य हे: “सर, कार्ड नवीन फ्लॅश केलं, म्हणजे सगळं नवीन झालं.” तसं होत नाही. कार्डावर असते ती पायची प्रणाली. पायला जोडलेल्या बहुतेक उपकरणांच्या पोटात स्वतःचा एक बारका संगणक असतो, त्याची स्वतःची स्मृती असते आणि तिथला कार्यक्रम कार्ड पुसल्याने पुसला जात नाही. सेन्सर-बोर्ड, डोंगल, वायरलेस कीबोर्डचा रिसीव्हर, टच-स्क्रीन, यांतलं प्रत्येक तारेपलीकडचा वेगळा संगणक आहे. अपडेट म्हणजे दोन संगणकांनी एका तारेवरून केलेलं संभाषण आणि बिघाड शोधणं म्हणजे ते संभाषण कुठल्या शब्दावर तुटलं ते पाहणं. या पुस्तिकेत मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळे त्याचे तपशील आहेत.

पुस्तिकेत मी दोन शब्द वापरले आहेत, त्यांची ओळख इथेच करून देतो. एक ‘उसनं’ फर्मवेअर आणि दुसरं ‘मुरलेलं’. पायच्या अंगावरची वाय-फायची चिप रोज सकाळी कोरी उठते. लिनक्स सुरू होताना कार्डावरच्या फर्मवेअरच्या फोल्डरमधून एक फाईल उचलतो आणि तिला शिकवतो. वीज गेली की ती सगळं विसरते. हे उसनं फर्मवेअर. इथे अपडेट म्हणजे फाईल बदलणं, आणि बिघाड म्हणजे बहुतेक वेळा फाईलच जागेवर नसणं. तेव्हा नोंदवहीत फर्मवेअर चढलं नाही अशी ओळ येते आणि शेवटी उणे २ हा आकडा असतो. उणे २ म्हणजे ‘अशी फाईल नाही’. इथे घाबरण्यासारखं काही नसतं, कारण उसनं फर्मवेअर चुकलं तरी उपकरण मरत नाही. सेन्सर-बोर्डातलं किंवा डोंगलमधलं फर्मवेअर मात्र त्यांच्याच फ्लॅश स्मृतीत मुरलेलं असतं, वर्षानुवर्षं वीज नसली तरी तिथेच राहतं. ते लिहिताना मध्येच तार निसटली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी उरतं. उपकरण बनवणाऱ्याने बूटलोडर वेगळ्या, राखीव जागेत ठेवला असेल तर पुन्हा प्रयत्न करता येतो. ठेवला नसेल तर त्या उपकरणाची वीट होते. म्हणून अपडेटला हात घालण्याआधी पहिला प्रश्न हा, की हे उसनं आहे की मुरलेलं? मुरलेलं असेल तर परतीची वाट आहे का?

पायच्या स्वतःच्या बाबतीतही हा फरक पिढीगणिक बदलत गेला आहे. पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. तेव्हापासून तिसऱ्या पिढीपर्यंत सुरुवातीचा कार्यक्रम कार्डावरच असायचा, म्हणून कार्ड बदललं की खरोखर जवळजवळ सगळं नवं व्हायचं. आपल्याकडच्या शिक्षकांची पहिली फळी त्या पायवर शिकली आणि ती समजूत पुढे चालत राहिली. २०१९ च्या चौथ्या पिढीपासून बूटलोडर बोर्डावरच्या वेगळ्या स्मृतीत गेला. सुरुवातीच्या चौथ्या पिढीत तर यूएसबीचा कारभार पाहणाऱ्या चिपचंही फर्मवेअर आणखी एका वेगळ्या स्मृतीत होतं आणि त्याचा अपडेट आला तेव्हा बोर्ड कमी वीज घेऊ लागला, कमी तापू लागला. हा अपडेट आज्ञा देताच लागत नाही. आज्ञा फक्त फाईल बूटच्या विभागात ठेवते आणि खरं लिहिणं पुढच्या वेळी पाय सुरू होताना होतं. २०२३ साली पायच्या प्रणालीची बुकवर्म आवृत्ती आली आणि त्या विभागाची जागा बदलली. जुनी कार्डं हाताने सुधारत नेलेल्यांनी फाईल जुन्या जागीच ठेवली. पाय नेहमीसारखा सुरू झाला, कुठलीही चूक दिसली नाही आणि अपडेटही झाला नाही. असा मुका बिघाड मला सगळ्यांत अवघड वाटतो. त्यावर एकच खात्रीचा मार्ग आहे. अपडेटच्या आधी आवृत्ती लिहून ठेवायची, नंतर पुन्हा विचारायची आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायचे.

विजेवरचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठं झालं आहे, आणि नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला त्याचं नवल वाटू नये. जिथे गावठाण आणि शेती एकाच डीपीवर आहेत तिथे थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि गच्चीवरच्या पेटीतल्या अडॅप्टरला त्या क्षणी काय मिळतं ते मीटर लावूनच पाहावं. पण लाईटला दोष देण्याआधी केबल पाहा, असं मी सांगेन. बाजारात सर्रास मिळणाऱ्या बारीक केबलमध्ये २८ गेजची तार असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटरच्या केबलमधून वीज जाते आणि परत येते, म्हणजे तार चार मीटर आणि रोध ०.८५ ओहमच्या आसपास. त्यातून एक अँपिअर ओढला की ०.८५ व्होल्ट वाटेतच संपतात. अडॅप्टरमधून ५.१ व्होल्ट निघाले आणि पायपर्यंत ४.२५ पोहोचले. पायची धोक्याची रेषा ४.६३ व्होल्टला आहे. म्हणजे अडॅप्टर कितीही चांगला घेतला तरी ती केबल त्याचं चीज होऊ देणार नाही.

रेषेखाली गेलं की पाय नोंदवहीत तसं लिहितो आणि शिवाय एका आकड्यात ते साठवून ठेवतो. त्या आकड्याचे दोन भाग आहेत. एक सांगतो की आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि दुसरा सांगतो की सुरू झाल्यापासून कधीतरी कमी झालं होतं. विद्यार्थी पहिला भाग पाहून ‘सगळं ठीक’ म्हणतात. आपल्या कामाचा दुसरा आहे, कारण अपडेटच्या वेळी फ्लॅश पुसली जाताना आणि लिहिली जाताना जो झटका बसतो तो आपण पाहायला जाईपर्यंत निघून गेलेला असतो. डोंगलचंही तसंच. रेंज कमी असली की ते जास्त जोर लावून बोलतं आणि जास्त वीज ओढतं. म्हणूनच नगर शहरात गुण्यागोविंदाने चालणारी जोडणी भंडारदऱ्याच्या बाजूला डोंगरआड गेली की अडखळते. चौथ्या पिढीच्या पायवर चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. पाचव्या पिढीला पाच अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर ती सगळ्या पोर्टांना मिळून ०.६ अँपिअरच देते, असेल तर १.६. नवा पाय घेतला, अडॅप्टर जुनाच ठेवला आणि मग डोंगल सारखं सुटतं, ही तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्यांची उत्तरं या एका ओळीत होती.

नोंदवही वाचता येणं हे या कामातलं मुख्य कसब. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक घटना सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत वेळ देऊन लिहितो आणि चूक झाली की उणे चिन्हाचा आकडा देतो. उपकरण ओळख सांगतानाच उणे ७१ आला तर तारेवरची भाषाच विस्कटली आहे. केबल, सांधा किंवा वीज पाहायची, फर्मवेअरकडे जायचंच नाही. उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली, समोरचा गप्प राहिला. परवानगी नाही असं उत्तर आलं तर दोष तारेत नाही, वापरकर्त्याला त्या पोर्टाचा हक्कच दिलेला नाही. आणि इथेच तो दोनदा लिहायचा नियम येतो. पुष्कळशी उपकरणं अपडेटच्या वेळी नाव बदलतात. रोजच्या कामात एक ओळख आणि बूटलोडरमध्ये शिरल्यावर दुसरी. एसटीएम-३२ जातीच्या चिपा कारखान्यातून आलेल्या बूटलोडरमध्ये गेल्या की कुठल्याही कंपनीच्या बोर्डावर असल्या तरी एकाच ओळखीने उभ्या राहतात. आपण परवानगी दिलेली असते पहिल्या नावाला. उपकरण दुसऱ्या नावाने दारात येतं आणि लिनक्स त्याला परकं समजतो. म्हणून परवानगीचा काय किंवा मॉडेममॅनेजरला अडवणारा काय, नियम दोन्ही नावांसाठी लिहायचा.

खेड्यात अडणारी आणखी एक गोष्ट शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही, ती म्हणजे घड्याळ. चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाचव्यात आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज गेली की पाय वेळ विसरतो आणि परत आल्यावर शेवटची लिहून ठेवलेली वेळ खरी मानून पुढे चालतो. नेटवर्क मिळालं की तो वेळ विचारून घेतो. पण आठ दिवस लाईट नव्हती, डोंगलला रेंज नाही आणि तुम्ही फोनच्या हॉटस्पॉटवर घाईने अपडेट मारायला गेलात तर पायच्या लेखी अजून मागचा आठवडा चालू असतो. सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र कालच दिलेलं असेल तर पायला ते अजून लागूच झालेलं दिसत नाही. तो जोडणी नाकारतो आणि आपण नेटवर्कला शिव्या घालत बसतो. आधी तारीख विचारा. दोन शब्दांचं काम आहे.

रास्पबेरी पाय आणि त्याच्या भावंडांची चिप आर्म जातीची असते, हेही आपण विसरतो. उपकरणाच्या खोक्यावर ‘लिनक्स चालतं’ असं लिहिलेलं असतं, अपडेटचं साधनही मिळतं, पण ते टेबलावरच्या इंटेल संगणकासाठी बांधलेलं असतं. पायवर चालवलं की ‘फाईलचा साचा चुकीचा’ अशी ओळ येते. ते साधन कुठल्याही उपायाने तिथे सुखाने चालणार नाही. उपकरण काढून लॅपटॉपला लावायचं, तिथे अपडेट करायचा आणि परत आणायचं, हा सरळ मार्ग. त्यात कमीपणा काही नाही. शिवाय, रिचर्ड ह्यूजेस यांनी सुरू केलेल्या एफडब्ल्यूयूपीडी या साधनाने हे बरंच सोपं केलं आहे. २०१५ पासून ते उपकरण बनवणाऱ्यांकडून आलेलं फर्मवेअर एका ठिकाणाहून, सहीशिक्का तपासून आणतं आणि पायवरही यूएसबी उपकरणांसाठी चालतं. यूईएफआय, म्हणजे टेबलावरच्या संगणकांचं बूट-फर्मवेअर, सापडलं नाही अशी कुरकुर ते पायवर करतं, तिकडे लक्ष देऊ नये, पायला ते नसतंच.

अपडेट करावाच का, असं गावातले जाणते लोक विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. चालू यंत्राला हात लावू नये ही आपल्याकडची शिकवण चुकीची नाही. आमच्या पर्जन्यमापकाच्या बाबतीत कारण ठोस होतं. दुसरं ठोस कारण सुरक्षिततेचं असतं. २०१६ साली बॅस्टिल या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अनेक कंपन्यांच्या वायरलेस माऊस-कीबोर्डच्या रिसीव्हरला दुरून खोटी बटणं दाबल्याचा भास करून देता येतो. त्यांतल्या काही रिसीव्हरांना फर्मवेअर बदलूनच त्यातून सोडवता आलं. असे रिसीव्हर सरकारी कचेऱ्यांत आजही लावलेले दिसतात. कारण नसेल आणि पावसाळा तोंडावर असेल तर मात्र मी थांबा म्हणेन. अपडेट उन्हाळ्यात करावा, रोहिणी लागायच्या आधी, म्हणजे बिघडलं तर दुरुस्तीला दिवस हाताशी राहतात.

नकली चिपांचा भाग लिहिताना माझा हात थोडा जड झाला. आपल्याकडची मुलं पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन सुटे भाग आणतात, मीही आणतो. तिथे चांगला माल मिळतो, आणि त्याच टेबलावर हुबेहूब दिसणारा नकलीही मिळतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या विंडोजवरच्या नव्या ड्रायव्हरने नकली यूएसबी-सिरियल चिपांची ओळखच शून्य करून टाकली आणि जगभर लोकांची उपकरणं अचानक दिसेनाशी झाली. ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांतल्या बहुतेकांना ती नकली असल्याचं ठाऊकही नव्हतं. ती ओळख पुढे लिनक्सवरच्या साधनांनी परत लिहून घेता आली. हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर दिला आहे. शंभर रुपये वाचवणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देणं मला पटत नाही. त्याला चिप ओळखायला शिकवणं हे आपलं काम आहे.

हे सगळं नगर जिल्ह्यातूनच का लिहावं? २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी एसटीत कंडक्टर अजून ‘नगर’च म्हणतो, आणि इथेही मी ते सवयीने लिहिलं आहे. हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या पश्चिमेला पावसाचा कहर आणि पाथर्डी-जामखेडकडे आभाळाकडे लागलेले डोळे. अकोल्याहून जामखेडला पेटी दुरुस्त करायला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. अशा जिल्ह्यात उपकरण सांभाळणारा माणूस गावातच असावा लागतो, आणि त्याला कळेल अशा भाषेत ज्ञान असावं लागतं.

पाण्याचं मोजमाप इथे नवं नाही. हिवरे बाजारने पाऊस मोजून त्या वर्षीची पिकं ठरवायची रीत घातली, ती साऱ्या देशाला ठाऊक आहे. फादर हर्मन बाखर यांच्या पाणलोटाच्या कामातून १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या वॉटर या संस्थेने या भागातल्या गावांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शेतकऱ्याच्या फोनवर सिंचनाचा हिशोब आणला, तो ‘फुले इरिगेशन शेड्युलर’मधून. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक हवामान केंद्र उभं राहिलं, आणि डाळिंब-द्राक्षाच्या हवामानावर आधारित विम्यात अशा केंद्रांच्या आकड्यांना किती वजन असतं ते राहाता-संगमनेरच्या बागाईतदाराला सांगायला नको. मोठ्या केंद्रांची देखभाल करणाऱ्या यंत्रणा आहेत. माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या लोणी, कोपरगाव, संगमनेर आणि विळद घाटातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या, आयटीआयतल्या मुलामुलींनी स्वतःच्या हाताने जोडलेल्या छोट्या पेट्या. प्रकल्पाचे गुण मिळाले, मुलं पास होऊन पुण्याला गेली आणि पेटी गच्चीवर एकटी राहिली. पुढच्या बिघाडाला तिथे उभं राहणारं माणूस म्हणजे ग्रामपंचायतीच्या परिचालक ताई, शाळेचे मास्तर किंवा बारावी झालेला एखादा शेतकऱ्याचा मुलगा. ही पुस्तिका त्यांना समोर ठेवून लिहिली आहे.

भाषेबद्दल एक खुलासा. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतून बोलून दाखवले, त्याचा मला स्वतःला खूप उपयोग झाला. तीच वाट मी धरली आहे. पोर्ट, केबल, बूटलोडर हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण गच्चीवर आपण तेच बोलतो. जिथे मराठी शब्दाने विचार जास्त स्वच्छ होतो तिथेच तो योजला आहे. नोंदवहीतल्या ओळी मात्र जशा पडद्यावर येतात तशाच छापून त्यांच्याखाली अर्थ दिला आहे. परकी ओळ पाहून जी धडकी भरते ती पुष्कळदा फक्त न कळण्याची असते.

पायच्या डोक्यावर बसणाऱ्या हॅट जातीच्या बोर्डांवर एक छोटं प्रकरण शेवटी आहे. त्यांच्यावर २७ आणि २८ नंबरच्या पिनांमधून वाचली जाणारी एक बारीक स्मृती असते. तिच्यात ‘मी कोण’ हे लिहिलेलं असतं. ते फर्मवेअर नव्हे, पण लिहिताना चुकलं तर बोर्ड ओळखूच येत नाही, आणि लिहिण्याआधी संरक्षणाचा जंपर सोडवावा लागतो हे माहीत नसल्याने मुलं तासन्तास अडकतात. म्हणून तेही घेतलं.

मजकुरानंतर सोळा कोरी पानं ठेवली आहेत. प्रत्येक पानावर तारीख, उपकरण, अपडेटच्या आधीची आवृत्ती, नंतरची आवृत्ती, कोणती केबल होती, त्या वेळी आणखी काय काय जोडलेलं होतं आणि बोर्डावरचे कोणते दिवे लागले, एवढे रकाने आखले आहेत. दिव्यांचा रकाना ताईंच्या सांगण्यावरून घातला. अकोल्याच्या त्या केंद्राची वही ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात असते आणि तिच्यातल्या शेवटच्या तीन नोंदी त्यांच्या अक्षरात आहेत. त्या तीनही वेळा मी तिथे नव्हतो.